घरचा संगणक दूर गावाहून

तमिळनाडूतील कुंभकोणम शहरापासून सुमारे दहा किलोमीटरांवर नाचियारकोविल नावाचे एक गाव आहे. मराठी वाचकास हे नाव कदाचित अपरिचित वाटेल. परंतु तेथील वस्तू मात्र त्याच्या एखाद्या आप्ताच्या देवघरात असण्याचा पुष्कळ संभव आहे. दक्षिणेत जिला कुत्तुविळक्कु म्हणतात ती उंच पितळी समई घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. बैठक, दांडा, तेलाची तबकडी आणि माथ्यावरचा हंस असे तिचे भाग निरनिराळे ओतून, कातून, घासून मग आट्यांनी एकमेकांत बसविले जातात. कावेरीकाठच्या बारीक मातीत साचे चांगले उतरतात, हे ही कला येथे रुजण्याचे एक कारण सांगितले जाते. नाचियारकोविलच्या या दिव्यास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आपला आणि या मुलुखाचा संबंध केवळ समईपुरता नाही. तंजावरास भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत नांदले, आणि त्या राजवटीबरोबर दक्षिणेस गेलेल्या घराण्यांची तंजावरी मराठी अद्यापि तंजावर-कुंभकोणमच्या परिसरातील काही घरांतून कानी पडते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमातच जन्मले. घर एका प्रांतात आणि कर्तव्य दुसऱ्या प्रांतात, ही स्थिती या लोकांच्या अंगवळणी पडलेली. आज ती आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास आली आहे.

समजा, नाचियारकोविलात समयांचे एक लहानसे दुकान आहे. वडील दुकान सांभाळतात. मागण्यांची नोंद, गिऱ्हाइकांचे पत्ते, नमुन्यांची रेखाचित्रे आणि वर्षाचा हिशेब घरातील एका संगणकावर आहे. मुलगी नोकरीनिमित्त पुण्यास राहते. महिनाअखेरीस हिशेब तीच पुरा करी. आता तो कोणी करावा? वडिलांनी फायली पाठवायच्या, मुलीने दुरुस्त करून परत धाडायच्या, असे दोन महिने चालते. तिसऱ्या महिन्यात एकाच हिशेबाच्या तीन प्रती होतात आणि त्यांतली खरी कोणती हे दोघांनाही सांगता येत नाही. अशा वेळी सुचणारा सरळ उपाय म्हणजे पुण्यात बसून नाचियारकोविलचाच संगणक चालविणे. हे घर काल्पनिक असले, तरी आपल्या ओळखीत असे एखादे घर खचित असेल. कदाचित ते आपलेच असेल.

हे काम साध्य आहे, आणि त्यासाठी लागणारे मुख्य यंत्र बहुधा घरात आधीच भिंतीवर टांगलेले असते. त्यास राउटर म्हणतात. तथापि या यंत्रात बदल करणे म्हणजे घरास बाहेरून एक नवे दार पाडणे होय. ते कोठे पाडावे, किती रुंद पाडावे आणि त्यास कुलूप कोणते लावावे, याचा विचार न करता पुष्कळ लोक ते पाडून मोकळे होतात. यास्तव प्रथम राउटर करतो काय, ते पाहू.

जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. आत बिऱ्हाडे अनेक, पण रस्त्यावर उघडणारा दिंडीदरवाजा एकच, आणि देवडीवर एक पहारेकरी. टपालखात्याच्या लेखी वाड्याचा पत्ता एकच असतो. आतील खोल्यांचे क्रमांक वाड्यापुरतेच. घरातील संगणक, दूरध्वनी, दूरचित्रवाणी संच यांना राउटर असेच घरगुती क्रमांक देतो. ते बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतात, आणि तेच क्रमांक देशातील लक्षावधी घरांत एकाच वेळी वापरात असतात. आतील कोणी बाहेर पत्र धाडले की पहारेकरी त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्यास नेऊन देतो. परंतु कोणीही न बोलावलेला पाहुणा दारात उभा राहिला, तर त्यास कोणत्या खोलीत न्यावे हे पहारेकऱ्यास ठाऊक नसते. तो त्यास परतवून लावतो. पुण्याहून मुलगी आपल्या संगणकास हाक मारते, तेव्हा या पहारेकऱ्याच्या दृष्टीने तीही असा अनाहूत पाहुणाच असते. ‘अमुक खुणेने येणाऱ्यास तमुक खोलीत सोड’ अशी स्थायी आज्ञा त्यास द्यावी लागते. राउटरच्या पडद्यावर या आज्ञेस पोर्ट फॉरवर्डिंग, आणि काही राउटरांवर व्हर्च्युअल सर्व्हर, असे नाव दिलेले आढळेल.

वाड्यास एकच पत्ता का, असा प्रश्न चौकस वाचकास पडेल. त्याचे उत्तर नाचियारकोविलच्या मंदिरातच मिळण्यासारखे आहे. तेथील विष्णुमंदिरात दगडी गरुडाची मूर्ती आहे. उत्सवात ती बाहेर काढताना प्रथम चार भोई लागतात. मूर्ती जसजशी बाहेर येते तसतसा तिचा भार वाढतो, अशी श्रद्धा असल्याने मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे भोई वाढवीत नेतात आणि परतताना त्याच क्रमाने कमी करतात. दुप्पट करीत जाण्याने संख्या किती झपाट्याने फुगते, याचा हा डोळ्यांनी पाहता येणारा दाखलाच आहे. इंटरनेटचे पत्ते १९८१ साली ठरले तेही याच दुपटीच्या हिशेबाने. एकाची बत्तीस वेळा दुप्पट केली की ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ ही संख्या येते. तेवढे पत्ते जगास पुरतील असे त्या काळी वाटले. ते पुरले नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील अखेरचे पत्ते वाटून संपले. त्यापूर्वीच काटकसर म्हणून एका घरास एक पत्ता ही वाड्याची पद्धत रूढ झाली होती. पुढे तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अनेक कंपन्यांनी संपूर्ण पेठेलाच एक वेस घातली. शेकडो ग्राहकांचे वाडे त्या एका वेशीच्या आत आणि जगास दिसणारा पत्ता त्या वेशीचा!

ही गोष्ट समजून घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. आपण आपल्या देवडीवर कितीही आज्ञा दिल्या, तरी पाहुणा वेशीवरच अडविला जात असेल तर त्याचा उपयोग शून्य. कित्येकजण येथेच दोन-दोन रात्री डोकेफोड करतात आणि दोष राउटरला देतात. परीक्षा अगदी सोपी आहे. घरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा अंतर्गत पत्ता लिहावा. तो बहुधा यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो. आत गेल्यावर इंटरनेट किंवा वॅन या मथळ्याखाली एक पत्ता दिसेल, तो कागदावर उतरवून घ्यावा. नंतर आपला बाहेरून दिसणारा पत्ता सांगणारी अनेक संकेतस्थळे आहेत, त्यांपैकी एखादे उघडून तेथील अंक ताडून पाहावेत. दोन्ही एकच असतील, तर आपल्या वाड्याचे दार थेट हमरस्त्यावर आहे. ते भिन्न असतील, आणि विशेषतः राउटरवरील पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर आपण वेशीच्या आत आहोत असे निश्चित समजावे.

वेशीच्या आत असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बहुतेक कंपन्या अधिक आकार घेऊन स्वतंत्र आणि कायमचा पत्ता देतात. त्यांच्या ग्राहककक्षास ‘स्टॅटिक आयपी’ हवा असे सांगितले की पुरे. दुसरा मार्ग नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा. यांत दुप्पट बत्तीस वेळा नव्हे, तर एकशेअठ्ठावीस वेळा केलेली असते. ती संख्या लिहावयास एकोणचाळीस अंक लागतात. भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट-ग्राहकांपर्यंत हे नवे पत्ते पोहोचलेले आहेत, आणि या बाबतीत आपला देश जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. मात्र नवा पत्ता दोन्ही टोकांस हवा, नाचियारकोविलासही आणि पुण्यासही. तिसरा मार्ग मध्यस्थाचा. दोन्ही संगणक एका तिसऱ्या ठिकाणी आपण होऊन जातात आणि तेथे त्यांची गाठ घालून दिली जाते. क्रोम रिमोट डेस्कटॉप, टेलस्केल इत्यादी सेवा याच तत्त्वावर चालतात. यात राउटरला हात लावावा लागत नाही. ज्यांना पुढील परिच्छेद वाचून धास्ती वाटेल त्यांनी खुशाल हा मार्ग पत्करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त त्या सेवेवरील आपल्या खात्यास भक्कम पासवर्ड आणि दूरध्वनीवर येणाऱ्या संकेताची दुहेरी तपासणी असली पाहिजे, कारण आता ते खाते म्हणजेच घराची किल्ली.

आता धास्तीचा विषय. विंडोजच्या संगणकास दुरून चालविण्याची जी सोय आहे ती नेहमी ३३८९ या क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देते. (ही सोय विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणाऱ्यास उघडत नाही, प्रो आवृत्ती लागते. खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे.) सर्वात सोपा सल्ला जो कोणीही देतो तो असा, की राउटरवर ३३८९ हा पोर्ट सरळ घरच्या संगणकाकडे वळवा. पाच मिनिटांत काम होते आणि मुलगी आनंदाने हिशेब लिहू लागते. वाचकहो, एवढे मात्र कृपा करून करू नका. ‘नाचियारकोविलातील आमच्या घराची चौकशी करायला जगात कोण येतो?’ हा भोळा समज २०१३ सालीच निकालात निघाला. त्या वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे एक साधन प्रसिद्ध केले, की ज्यायोगे एकाच संगणकावरून जगातील यच्चयावत जुन्या पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत टकटक करून येता येते. चोरास आपले गाव ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. तो प्रत्येक दार वाजवीत जातो आणि जे उत्तर देते त्याची नोंद करतो. मे २०१९ मध्ये विंडोजच्या याच दूरस्थ सोयीत एक दोष उघडकीस आला, ज्यामुळे पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येत होते. तो इतका गंभीर होता की, ज्या जुन्या एक्सपी आवृत्तीची देखभाल मायक्रोसॉफ्टने केव्हाच थांबविली होती तिच्यासाठीही कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केली. आत शिरलेला चोर हिशेबाची वही चोरून नेत नाही. तो तिला आपले कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. समयांच्या दुकानाचा दहा वर्षांचा व्यवहार एका रात्रीत असा बंद पडू शकतो. पोर्टचा क्रमांक बदलून ठेवल्यास धोका टळतो असे काहीजण म्हणतात. माझ्या मते तो दरवाजा रस्त्याऐवजी बोळात उघडण्यासारखा प्रकार आहे. टकटक करणारा बोळातही येतो.

राउटर स्वतःही निर्दोष नसतो. कारखान्यातून येताना त्यास जे नाव आणि जो पासवर्ड घातलेला असतो तो पुष्कळदा एकाच मालिकेच्या सर्व यंत्रांत सारखा असतो. २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट प्रणालीने अशा कारखानी पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन जगभरातील राउटर आणि पाळतीचे कॅमेरे काबीज केले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडेही भारत संचार निगमच्या अनेक ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले. मूळचा पासवर्ड न बदललेली यंत्रेच त्याला बळी पडली, आणि ग्राहकांनी पासवर्ड बदलावा असे निगमास आवाहन करावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले होते. आपला संगणक अशा दुष्ट प्रणालीने बाधित झाला आहे काय हे तपासण्याची आणि तो साफ करण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात.

तर मग दार कसे पाडावे? संगणकाचे दार बाहेर उघडू नये. बाहेर उघडावे ते एका भुयाराचे तोंड. या भुयारास व्हीपीएन म्हणतात. पुण्याचा संगणक आधी या भुयारातून नाचियारकोविलच्या घरात येतो, आणि आत आल्यावर घरातीलच एक असल्याप्रमाणे हिशेबाच्या संगणकाशी बोलतो. आज यासाठी वायरगार्ड ही पद्धत मला सर्वांत साधी वाटते. २०२० साली ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली, आणि अनेक नव्या राउटरांत ती तयार मिळते. राउटरमध्ये नसेल, तर घरातील सदैव चालू असणाऱ्या एखाद्या लहान संगणकावर ती बसविता येते. हिचा एक गुण मोलाचा आहे: योग्य किल्ली नसलेल्याने टकटक केली तर ती उत्तरच देत नाही. ‘दार बंद आहे’ असेही म्हणत नाही. टकटक करणाऱ्यास येथे दार आहे याचा पत्ता लागत नाही. तिच्या किल्ल्या जोडीने असतात. एक गुप्त, जी ज्याच्या त्याच्या यंत्रातच राहते. दुसरी उघड, जी समोरच्यास द्यावयाची. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारतः अशक्य, याची हमी संख्यासिद्धान्तातील अवघड गणिते देतात. संख्यांशी ज्याची आयुष्यभर मैत्री होती तो रामानुजन याच कुंभकोणमात लहानाचा मोठा झाला, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

प्रत्यक्ष कामास सुटीत मुलगी गावी आली असता बसावे. दूरध्वनीवरून वडिलांकडून हे करवून घेण्याचा हट्ट धरू नये. सर्वप्रथम राउटरचा पासवर्ड बदलावा आणि कंपनीने दिलेली नवी आवृत्ती असल्यास ती यंत्रात घालावी. बाहेरून राउटरची व्यवस्था पाहण्याची सोय चालू असेल तर ती बंद करावी. यूपीएनपी नावाची आणखी एक सोय असते. तिच्यामुळे घरातील कोणतेही यंत्र पहारेकऱ्यास परस्पर आज्ञा देऊन दार उघडवून घेऊ शकते. तीही बंद असणेच बरे.

यानंतर जी गोष्ट करावयाची ती पुस्तकांत सहसा सापडत नाही, आणि नेमकी तीच अनेकांस अडविते. दोन्ही घरांचे अंतर्गत क्रमांक वेगळे करून घ्यावेत. नाचियारकोविलच्या घरात १९२.१६८.१ ही मालिका आणि पुण्याच्या बिऱ्हाडातही तीच, असे असेल तर पुण्याचा संगणक गोंधळतो. त्यास १९२.१६८.१.२० कडे जावयास सांगितले, की तो भुयारात शिरण्याऐवजी आपल्याच घरात त्या क्रमांकाची खोली शोधू लागतो. यास्तव गावच्या राउटरमध्ये शेवटून दुसरा अंक बदलून १९२.१६८.५७ अशी सहसा कोणी न वापरलेली मालिका घ्यावी. मग हिशेबाच्या संगणकास त्या मालिकेतील एक क्रमांक कायमचा राखून द्यावा. राउटर एरवी हे क्रमांक येईल त्यास वाटत असतो. वीज जाऊन परत आली की काल संगणकाकडे असलेला क्रमांक आज दूरचित्रवाणी संचाकडे गेलेला आढळतो. राखीव क्रमांकासाठी संगणकाचा मॅक पत्ता विचारला जातो. तो देताना, संगणकात तो पत्ता वरचेवर बदलण्याची सोय चालू नाही ना, एवढे पाहावे.

वायरगार्ड राउटरमध्येच असेल, तर ते सुरू करताच भुयाराचे तोंड उघडते. निराळ्या आज्ञेची गरज नाही. ते लहान संगणकावर असेल, तर त्यासही राखीव क्रमांक देऊन देवडीवर एकच आज्ञा लिहावी: बाहेरून यूडीपी प्रकारचे जे काही ५१८२० या पोर्टवर येईल ते या संगणकाकडे न्यावे. बाकी काहीही उघडू नये. डीएमझेड नावाचा पर्याय काही राउटरांत मोहक जागी ठेवलेला असतो, आणि तो दाबताच सर्व अडचणी जादूने नाहीशा होतात. होणारच, कारण त्याने एका यंत्रापुरता पहारेकऱ्यास रजा दिलेली असते. त्यास हात लावू नये.

घराचा बाहेरील पत्ता कायमचा विकत घेतला नसेल तर तो मधूनमधून बदलतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस ही सोय वापरावी. घराला एक नाव मिळते, आणि पत्ता बदलला की राउटर स्वतःच त्या नावापुढे नवा पत्ता नोंदवितो. गाव सोडून बिऱ्हाड हलविणारा मनुष्य टपालकचेरीत नवा पत्ता देऊन ठेवतो, तसेच हे.

सर्व झाल्यावर परीक्षा घ्यावयाची ती घरच्या वाय-फायवरून नव्हे. वाड्याच्या आत उभे राहून वाड्याच्या दाराची परीक्षा होत नाही. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाट ओळखतच नाहीत. दूरध्वनीचे वाय-फाय बंद करून मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून भुयार उघडते का ते पाहावे. उघडले, की संगणक दिसतो का ते पाहावे. पहिले साधले आणि दुसरे साधले नाही, तर दोष राउटरचा नसून संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलचा किंवा तो निद्रिस्त असल्याचा आहे. एवढा निवाडा झाला की अर्धी शोधाशोध वाचते.

निद्रेची गोष्ट निघालीच आहे, तर तीही पुरी करू. संगणक झोपला की भुयारातून आलेल्या पाहुण्यास कोणी दाद देत नाही. कामाच्या तासांपुरती त्याची झोप बंद करावी, अथवा जाळ्यावरून त्यास जागे करण्याची वेक-ऑन-लॅन नावाची जी सोय अनेक संगणकांत असते ती चालू करावी. वीज जाऊन आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे असा पर्यायही त्याच्या प्रारंभिक मांडणीत पुष्कळदा असतो. राउटर आणि कंपनीने बसविलेली फायबरची पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत. त्यांतील एकच घेतली तर काहीच घेतले नाही. आणि हे सर्व केले तरी निसर्गापुढे इलाज चालत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा कावेरीच्या खोऱ्यातील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेवाचून राहिली. अशा दिवसांसाठी हिशेबाची एक प्रत दुसऱ्या गावी असलीच पाहिजे. दुरून संगणक चालविता येतो म्हणून प्रती ठेवण्याचे काम संपत नाही. उलट आता ती प्रत भुयारातूनच रोज रात्री पुण्यास नेता येते.

आणखी एका बाबीविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. घरातील वडीलधारी माणसे राउटरच्या भानगडीत पडत नाहीत, पण दूरध्वनी मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. ‘मी बँकेतून बोलतो, हे ॲप घ्या आणि त्यावर दिसणारा नऊ अंकी क्रमांक सांगा’ अशी बतावणी करून दूरध्वनीचा पडदा दुरून पाहणारे भामटे देशभर झाले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा एका दूरस्थ ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. ॲप स्वतः वाईट नसते. मुलगी ज्या कामासाठी असे साधन वापरते, त्याच कामासाठी भामटाही वापरतो. फरक एवढाच की येथे दार घरातील मनुष्य आपल्या हाताने उघडून देतो, आणि कोणताही राउटर त्यास अडवीत नाही. म्हणून मुलीने जाण्यापूर्वी आईवडिलांपाशी एक गोष्ट पक्की करावी: मी संगणकावर येणार असेन तेव्हा आधी माझा दूरध्वनी येईल, आणि मी कधीही तुमच्याकडे कसलाही क्रमांक मागणार नाही. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

आधी दूरध्वनी करण्यास आणखीही एक कारण आहे. हिशेबाच्या संगणकावर केवळ हिशेब नसतो. वडिलांची पत्रे असतात, आईने जपलेली छायाचित्रे असतात. पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला की घरातील माणूस दचकतो, आणि पाहणारा आपलाच असला तरी आपल्याला न सांगता पाहणे त्यास रुचत नाही. नाचियारकोविल या नावाचा अर्थच ‘देवीचे मंदिर’ असा आहे, आणि तेथील उत्सवात देवीचा मान पहिला. घराची किल्ली परगावी देताना गृहिणीचा कौल आधी घ्यावा, हे त्या गावास तरी शोभून दिसेल. शक्य असेल तर हिशेबासाठी संगणकावर वेगळे खाते करावे. म्हणजे मुलीस दप्तर उघडते आणि आईवडिलांचे कपाट बंदच राहते.

अखेरीस एक कागद लिहून राउटरशेजारच्या भिंतीवर लावावा. त्यावर पासवर्ड लिहू नये. कोणती आज्ञा दिली आहे, कोणत्या तारखेस दिली, कोणाकोणाच्या यंत्रांना किल्ल्या दिल्या आहेत आणि काही विपरीत वाटल्यास कोणता खटका बंद करावयाचा, एवढे मोठ्या अक्षरांत तमिळमध्ये किंवा घरात जी भाषा वाचली जाते तीत लिहावे. मुलीने जुना दूरध्वनी विकला, तर त्याची किल्ली विकण्यापूर्वी राउटरमधून काढून टाकावी आणि कागदावरील ती ओळ खोडावी. नोकरी सुटून ती गावी परतली, तर ५१८२० ची आज्ञाच पुसून टाकावी आणि कागद उतरवून ठेवावा.